नलूकाकू होल्डवर आहेत

नलूकाकू फोन ठेवत नसत. समोरच्याने ठेवला तर पुन्हा लावत आणि समोरच्याने "जरा थांबा" म्हटलं की खरोखर थांबत. त्यासाठी त्या तयारीनेच बसत. बागेच्या कोपऱ्यातला बाक, शेजारी स्पीकरवर टाकलेला फोन आणि मांडीवरच्या ताटलीत मोड आलेले वाल. फोनमधून उद्यान खात्याचं कंटाळवाणं संगीत वाजत राही आणि काकू एकेक वाल दाबून सालातून बाहेर काढत.

"होल्डवर ठेवणाऱ्याला वाटतं, आपण सुटलो," त्या म्हणत. "आपण तोवर बिरडं सोलायचं. येतो गं परत. खुर्ची सोडून जाणार कुठे?"

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर म्हणून काढली होती. रत्नागिरी लावा, सोलापूर लावा, आणि पलीकडच्या ऑपरेटरला ऐकू जावं म्हणून पोटातून ओरडा, "हॅलो, मुंबई बोलतेय!" पुढे ते बोर्ड गेले, त्या वायरी गेल्या, आवाज तेवढा राहिला. किराणावाल्याला फोन लावला तरी सुरुवात तीच. एकदा वॉर्ड ऑफिसमध्ये नव्याने लागलेल्या मुलीने फोन उचलला, "हॅलो, मुंबई बोलतेय" ऐकलं, मुख्यालयाचा फोन समजून ती उभी राहिली आणि लाइन थेट मोठ्या साहेबांना देऊन मोकळी झाली. काकूंना हे नंतर कळलं. त्या जराही ओशाळल्या नाहीत.

"खोटं काय बोलले? मुंबईच बोलत होती ना? का मुंबई म्हणजे नुसतं मोठं ऑफिस?"

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या घरी आईच्या युनियनची पत्रकं रद्दीत जात नसत, त्यांच्यावर माझे शुद्धलेखनाचे धडे होत. पण 'पालिका तुमची आहे' हे वाक्य मी कागदावर जितक्या वेळा लिहिलं, त्या सगळ्यांहून जास्त मला ते त्या दिवशी समजलं.

आमची वसाहत मुलुंड पूर्वेला, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मधोमध पालिकेची बाग. बागेचा मोठा भाग म्हणजे लॉन, भोवती साखळी आणि पाटी: 'हिरवळीवर चालू नये, बसू नये.' एखादं पोर साखळीवरून उडी मारून गेलं की वॉचमनची शिट्टी. मे महिन्यात आमच्या नळाला पाणी तासभर आणि लॉनला मात्र टँकर. वर्षाआड ते पिवळं पडे. मग सार्वजनिक पैशातून ते उकरायचं आणि गुंडाळ्या करून आणलेलं नवं लॉन सतरंजीसारखं अंथरायचं. त्यावर फूल नाही, फूल नाही म्हणून माशी नाही, फुलपाखरू नाही. आणि आम्ही सगळे त्याला बाग म्हणत होतो!

काकूही म्हणत होत्या. त्यांचं भांडण सुरू झालं ते गणपतीमुळे.

त्या वर्षी त्यांचे नेहमीचे गुरुजी गावी गेले होते, म्हणून स्कूटरवरून एक तरुण गुरुजी आले. पूजा रंगात आली. गुरुजींनी दूर्वांची जुडी उचलली, निरखली, खाली ठेवली.

"काकू, दूर्वा कुठे आहेत?"

"ह्या काय तुमच्या समोर. पहाटे बागेतून खुडल्यात, एकवीस जुड्या."

"काकू, हे लॉन आहे."

मला वाटलं, आता काकू रडणार. काकू हसायला लागल्या त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अगं बाई! इतकी वर्षं बाप्पाला राँग नंबर लावत होते मी! तरीच म्हटलं, पलीकडून उत्तर कसं येत नाही!"

मग वसाहतभर चौकशी झाली. प्रत्येक घरात बाप्पासमोर तेच बागेतलं कार्पेट होतं. देव काही बोलला नाही, पण नलूकाकू बोलायच्या थांबेनात. विसर्जनानंतर त्या खरी दूर्वा शोधायला बागेत फिरल्या. एक काडी नाही. आघाडा नाही, माका नाही. माळ्याने सांगितलं, "ते येतं काकू, आपोआप येतं. ठेकेदाराची माणसं दर महिन्याला उपटून नेतात. तण आहे ना ते."

त्या शब्दाने काकूंचं डोकं फिरलं. तण!

पुढचे काही महिने त्यांनी वाचलं, विचारलं, लोकांना फोन केले. खाडीच्या रस्त्याने फिरताना त्या मला फुलं दाखवत. आघाड्याच्या तुऱ्यावर नखाएवढी निळी फुलपाखरं, कुर्डूवर माश्यांची गर्दी. एकदा एका माशीकडे बोट दाखवून त्या ओरडल्याच, "बघ, बघ मुक्ता, ही ऑपरेटर! या फुलाची लाइन त्या फुलाला जोडतेय. अशा हजारो बसल्या होत्या गं बोर्डावर. आपण लॉन टाकलं आणि सगळं एक्स्चेंज बंद पाडलं."

मी लगेच पत्रक लिहिलं. मथळा 'हिरव्या गालिच्याखाली काय दडलंय?', पाठपोट मजकूर, शेवटी तीन घोषणा. काकूंनी चष्मा लावून ते सबंध वाचलं, हे त्यांचं मोठेपण.

"चांगलं आहे. पण हा ट्रंक कॉल झाला, पोरी. लोकांना दूध घेता घेता वाचायचंय. लोकल लाव."

आणि त्यांनी माझ्याच पत्रकाच्या मागे एक ओळ लिहिली: 'ज्या गवतावर बसता येत नाही, त्याचे पैसे आपण का भरायचे?' तेवढीच ओळ छापली. दुसऱ्या दिवशी भाजीवालीसुद्धा ती बोलत होती.

आता मुद्दा पैशांचा होता. लॉन बदलायचा निधी त्या वर्षी पुन्हा आला होता आणि मार्चअखेर खर्च झाला नाही तर परत जाणार होता. काकूंचं म्हणणं साधं: तोच पैसा वापरा, पण लॉनऐवजी इथली झाडं लावा. उद्यानाचे साहेब चांगला माणूस होता, पण त्यांचे हात बांधलेले होते.

"काकू, दरपत्रकात लॉनला आयटम आहे. आघाड्याला नाही."

"आहे की! 'तण काढणे' यात आहे. म्हणजे उपटायला पैसा आहे, लावायला नाही?"

साहेब म्हणाले, "पैशांचं लेखा विभागाला विचारा." लेखा विभागातल्या बाई म्हणाल्या, "कामाचं स्वरूप उद्यान ठरवतं, आम्ही नाही." मोठ्या साहेबांचे पीए म्हणाले, "दोघांचं एकमत होऊ दे, मग वर पाठवू." असे पंधरवडाभर वाल सोलून झाले. मी म्हटलं, मोर्चा काढू. काकू म्हणाल्या, "थांब. हे क्रॉस कनेक्शन आहे. हे माझं काम."

आणि त्या दुपारी त्यांनी बाकावर बसून आधी साहेबांना फोन लावला, त्यांना धरून बाईंना जोडलं, दोघांना धरून पीएंना जोडलं. आजकाल फोनवर एक बटण दाबलं की हे होतं, पण काकूंचा चेहरा बघायला हवा होता! पाठ ताठ, मान कलती, जणू कानावर पुन्हा तो जुना हेडफोन चढला होता.

"हॅलो, मुंबई बोलतेय. तिघंही लाइनवर आहात. बोला."

"हॅलो?" लेखा विभागातल्या बाई म्हणाल्या. मग साहेबांचा आवाज, "कोण, सावंतबाई?"

"अय्या, साहेब तुम्ही? मी वरच्याच मजल्यावर बसलेय."

"मग जिन्याने भेटत जा रे एकमेकांना," काकू म्हणाल्या. "मुलुंडच्या बाकावरून जोडून द्यावं लागतंय तुम्हाला. आता सांगा, नाही कोण म्हणतंय?"

नाही कोणीच म्हणत नव्हतं! प्रत्येक जण दुसरा नाही म्हणेल म्हणून थांबला होता. सावंतबाईंनी मध्येच विचारलं, "साहेब, 'हंगामी फुलझाडे' असा आयटम आहे ना आपला? त्यात कुठली फुलझाडं ते कुठे लिहिलंय?" कुठेच लिहिलं नव्हतं. दर थंडीत त्या नावाखाली कुंड्यांतली विलायती फुलं येत आणि उन्हाळ्यात मरत. तेरडा हंगामी नाही? कुर्डू हंगामी नाही?

शेवटी ठरलं: निम्मं लॉन काढायचं, माती आणि मजुरी या निधीतून. पण साहेबांनी अट घातली. "दिवाळीपर्यंत बघू. तक्रारी आल्या तर परत लॉन घालावं लागेल, काकू. आणि मग वॉर्डातल्या दुसऱ्या कुठल्या बागेत मला हे पुन्हा मागता येणार नाही." काकूंनी फोन ठेवला, बाकावरून उठल्या आणि साखळी ओलांडून सरळ लॉनवर जाऊन बसल्या. वॉचमनने शिट्टी तोंडाला लावली, त्यांच्याकडे पाहिलं आणि परत खिशात टाकली.

आघाड्याचं रोप कुठल्याही नर्सरीत मिळालं नाही. तण कोण विकणार? पण काकूंनी त्याची सोय हिवाळ्यातच करून ठेवली होती. जुनी सुती साडी नेसून खाडीच्या बांधावरच्या वाळल्या झाडोऱ्यातून त्या चालत गेल्या आणि परत आल्या तेव्हा पदरापासून काठापर्यंत आघाड्याचं बी चिकटलेलं. "फुकटचं कुरियर," असं म्हणत त्यांनी ती साडी न धुता तशीच घडी करून पिशवीत ठेवली होती. जूनमध्ये आम्ही ती बागेत पसरली आणि बी वेचून पेरलं. तेरडा, कुर्डू, माका, कडेला खरी दूर्वा, अडुळसा, कोरांटी आणि मारुतीच्या देवळाकडच्या बाजूला रुई.

कुठलं निम्मं लॉन ठेवायचं, यावर मात्र मी काकूंशी भांडले. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी देसाई, हास्यक्लबचे प्रमुख, हे लॉनचे कट्टर भक्त. रोज सकाळी हसून झालं की एका ठरावीक बाकावर बसून ते लॉनकडे बघत राहत. काकूंनी त्यांना एकदा चिडून विचारलं होतं, "काय दिसतं हो तुम्हाला त्यात?" देसाई म्हणाले, "न्यू जर्सीला मुलाच्या घरापुढे डिट्टो असंच आहे." काकूंनी मग हळूच विचारलं, "फोन येतो का त्याचा?" देसाई म्हणाले, "येतो की. बिझी असतो."

त्यानंतर काकूंनी माळ्याला सांगितलं, देसाईंच्या बाकासमोरचा तुकडा ठेवायचा. मी म्हटलं, "ही तडजोड आहे. तत्त्वाचं काय?"

"तत्त्व दुसऱ्या निम्म्यात लावू," काकू म्हणाल्या. "त्या बाकावर त्यांना मुलाची लाइन लागते. ती मी तोडणार नाही."

देसाईंनी याबद्दल आभार मानले असं कुणाला वाटत असेल तर ते देसाईंना ओळखत नाहीत. जुलैत रोपं गुडघ्यापर्यंत आली, फूल एक नाही, नुसता हिरवा गोंधळ. देसाई साखळीपाशी उभे राहून मोठ्याने म्हणाले, "वाट लागली बागेची! नलिनीबाई, साप येतील."

"आले तर तुमच्या हास्यक्लबात पाठवते."

"मच्छर होतील."

"मच्छर तुमच्या लॉनच्या टँकरने होत होते."

पुढे तेरडा फुलला, गुलाबी नि जांभळा, तरी देसाईंचं ठरलेलं. "तेरड्याचा रंग तीन दिवस, नलिनीबाई!"

"मग चौथ्या दिवशी या. कुर्डू फुलेल."

पण आतून काकू धास्तावल्या होत्या. एक तक्रार गेली की संपलं, हे त्यांना माहीत होतं. आणि एक जाता जाता राहिली. रुईच्या पानांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या पडल्या, पानं जाळीदार झाली. कुणीतरी ठेकेदाराला सांगितलं, झाडांना कीड लागली. सकाळी पाठीवर पंप घेतलेला माणूस हजर. मी धावत गेले, हात पसरून उभी राहिले, तोंडात पहिली घोषणा आलीसुद्धा. मागून काकूंचा आवाज आला.

"घोषणा नको. चहा आण."

तो दादा चहा पीत असताना त्या त्याच्याशेजारी वाकल्या. "हे पाहुणे आहेत हो, दादा. यांना दुसऱ्या कुठल्या झाडाचं पान चालत नाही. आता जेवायला बसलेत. ताटावर फवारा मारतो का कोणी?"

तो माणूस थोडा वेळ अळ्यांकडे बघत राहिला. "ह्याचं काय होणार?"

"पुढच्या आठवड्यात येऊन बघ."

तो आला, घरून मुलीला घेऊन. तोवर काही कोश उघडले होते आणि रुईवरून केशरी पंखांची, काळ्या काठाची फुलपाखरं उडत होती. बिबळ्या कडवा त्यांचं नाव. ती छोटी मुलगी ओरडत सुटली आणि तिच्याहून मोठ्याने नलूकाकू ओरडल्या, "लागली, लागली, लाइन लागली!" मी तोवर निसर्गप्रेमाला निवांत लोकांचा छंद समजत होते. पण हे आमच्या पैशाचं होतं! कराच्या पावतीतून इतकं सुंदर काही निघू शकतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

हरतालिकेच्या सकाळी बाग बायकांनी भरली. बाजारात पत्रीची जुडी सुकलेली आणि महाग, इथे सगळं ताजं. काकू बाकावरून सूचना देत होत्या, "शेंडे खुडा, मुळं नको! अगं, पुढच्या वर्षीही बाप्पा येणारच आहे ना?" दूर्वा दुपारपर्यंत संपली. ऋषिपंचमीला दात घासायला आघाड्याच्या काड्या हव्यात म्हणून शेजारच्या दोन सोसायट्यांतून आज्या आल्या. गौरी आणायच्या दिवशी तेरड्यासाठी चक्क भांडण झालं. देसाईंचा मुलगा त्या वर्षी न्यू जर्सीहून आला होता. वडील-मुलगा उशिरा पोचले, तेव्हा जमिनीवर नुसत्या गुलाबी पाकळ्या होत्या. देसाई रिकाम्या हातांनी परत गेले.

विसर्जन झालं आणि उद्यानाच्या साहेबांचा फोन आला. स्वतःहून. काकूंनी स्पीकर लावला.

"काकू, तक्रारी आल्यात."

काकूंची वाल सोलणारी बोटं थांबली.

"अट आठवते ना?" साहेब म्हणाले.

"आठवते. वाचा."

"वाचतो. 'बागेत दूर्वा अपुरी आहे.' दुसरी, 'आघाड्याच्या काड्या वेळेवर मिळाल्या नाहीत, पालिकेने नियोजन करावे.' तिसरी, 'गौरीसाठी तेरडा शिल्लक नव्हता, ही गंभीर बाब आहे.' खाली सही, सेक्रेटरी देसाई."

काकूंनी तोंडावर पदर धरला.

"आणि लॉनबद्दल काही?"

"एक आहे. 'उरलेल्या लॉनमुळे तेरड्याची जागा अडते.' सही नाही."

समोर हास्यक्लब चालू होता. देसाई नेहमीपेक्षा जरा जास्तच मोठ्याने हसत होते.

"काकू," साहेब म्हणाले, "इतक्या तक्रारी आल्यावर मला कारवाई करावीच लागणार. पुढच्या वर्षासाठी आणखी दोन बागांचा प्रस्ताव पाठवतोय. आणि 'हंगामी'च्या आडोशाने किती दिवस काढायचे? नवा आयटमच मागतो. नाव काय लिहू?"

"'तण' सोडून काहीही लिहा," काकू म्हणाल्या आणि त्यांचा आवाज, तो ट्रंक लाइनचा आवाज, पहिल्यांदाच फुटला.

पुढे आमच्या इमारती पुनर्विकासाला गेल्या. नवं घर होईपर्यंत काकू मुलाबरोबर दिंडोशीला भाड्याच्या घरात राहायला गेल्या. निरोपाला मी रडवेली झाले, तर त्यांनी ती जुनी सुती साडी घडी करून माझ्या हातात दिली. "हिवाळ्यात नेसून फिर. धुऊ नकोस."

परवा मी दिंडोशी कोर्टात एका कामाला गेले होते. परतताना रिक्षा सिग्नलला थांबली. पलीकडे पालिकेची बाग, गुळगुळीत लॉन, भोवती साखळी. साखळीबाहेर, नेमक्या पाटीखाली, नलूकाकू उभ्या होत्या. एक हात कमरेवर, फोन कानाला, कुंपणाच्या टोकाला वालांची पिशवी अडकवलेली. मी रिक्षातून अर्धी बाहेर येऊन हाक मारली, "काकू!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, चेहरा उजळला. मग कमरेवरचा हात उचलून पंजा दाखवला. थांब.

मी थांबले. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजू लागले, रिक्षावाला करवादला. आणि त्या सगळ्या गोंगाटावरून रस्त्याच्या या कडेपर्यंत ऐकू आलं, "हॅलो, मुंबई बोलतेय!"